सनदेआधीचा हिशोब

कुडपणच्या मुलाला किंवा मुलीला कायदा शिकायचा असेल, तर कुठलं कॉलेज नावाजलेलं, हा प्रश्न बऱ्याच उशिरा येतो. आधी येतो तो राहायचं कुठं, हा. गाव पोलादपूर तालुक्याच्या टोकाला, रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दी जिथे जवळ येतात त्या डोंगरात. शेलारमामांचं गाव म्हणून इतिहासाची आवड असलेले तिथे जातात, पावसाळ्यात धबधब्यासाठी पर्यटक जातात. पण तिथून रोज जाऊन-येऊन कायद्याची पदवी घेता येईल असं कॉलेज नाही. कोकणातल्या इतर डोंगरी गावांसारखीच इथलीही कमाईची वाट मुंबईकडे जाते. कुणाचे काका लालबागला, कुणाची आत्या नालासोपाऱ्याला. बारावीनंतरचं शिक्षण म्हटलं की घरात आधी चर्चा होते ती या नातेवाइकांच्या खोलीत एक अंथरूण मावेल का, याची.

ही चर्चा मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. उलट कायदा कुठं शिकायचा आणि मुळात शिकायचा का, याचं खरं उत्तर तिच्याच आसपास सापडतं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे कायद्याची पदवी स्वस्तात होऊ शकते. महाग असतात ती पदवीनंतरची तीन-चार वर्षं, ज्यांत हातात जवळजवळ काही पडत नाही. घरातले पैसे कॉलेजच्या फीवर संपवले आणि त्या वर्षांसाठी काही उरलं नाही, तर हुशार मुलगाही काळा कोट खुंटीला टांगून एखाद्या कंपनीत कारकुनी धरतो.

आधी ‘शिकायचा का’ ते पाहू. महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या माणसाला वकिलाची गरज सगळ्यात जास्त कशासाठी पडते? जमिनीसाठी. डोंगरपट्ट्यातला एखादा जुना सातबारा हातात घ्या. क्षेत्र काही गुंठे, त्यात थोडं वरकस, आणि भोगवटादारांच्या रकान्यात नावांची रांग. त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. काहींची वारस नोंद झालेलीच नाही, काहींच्या नावापुढे आण्या-पैत हिस्सा. एका चुलत्याचं नाव राहून गेलेलं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं फेरफारात एकदा आली आणि नंतरच्या फेरफारात हक्कसोडीने गेली. इतर हक्कात एखाद्या कुळाचं नाव, कंसात फेरफार क्रमांक. घर बांधायचं, कर्ज काढायचं किंवा रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला घ्यायचा, काहीही करायचं झालं तरी ही सगळी रांग सोबत घेऊन चालावं लागतं, आणि तिच्यातली अर्धी माणसं मुंबईत असतात.

हा एक कागद नीट वाचायचा तर किती कायदे लागतात पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. कुळकायदा, म्हणजे 1948 चा कायदा, ज्याने 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं. तेव्हापासूनची ‘बत्तीस ग’ची प्रकरणं आणि ‘बत्तीस म’चे दाखले आजही लोक पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतात. मुलींच्या हक्कासाठी हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती, आणि वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क जात नाही, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2020 चा विनीता शर्मा खटल्यातला निकाल. त्यामागे खोतीचा इतिहास. या मुलखात सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत होता. ती पद्धत रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं, आणि खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्यामुळे.

पण यातली बरीच कामं कोर्टात जातच नाहीत. वारस नोंद तलाठ्याकडे होते. हरकत आली तर मंडळ अधिकारी, त्यावर अपील महाडला प्रांताकडे. सहमतीचं वाटप महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदार करतात. शेताची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 खाली तहसीलदारापुढेच अर्ज. तेव्हा गावातल्या लोकांचे जमिनीचे कागद सुधारून द्यायचे, एवढीच एखाद्याची तळमळ असेल, तर त्याने महसूल खात्याची परीक्षा द्यावी की कायद्याची पदवी घ्यावी, याचा शांतपणे विचार करावा. चांगला तलाठी एका गावाचं जेवढं भलं करतो तेवढं करायला वकिलाला कित्येक वर्षं लागतात. वकील हवा असतो तो पुढच्या टप्प्यावर, जिथे समोरची बाजू भांडायला उभी राहते, पुरावा मांडावा लागतो, उलटतपास घ्यावा लागतो. भांडण तोलून धरण्याचा, दोन्ही बाजूंचे कागद पुन्हा पुन्हा वाचण्याचा कंटाळा नसेल, तरच या वाटेला यावं. भाषण चांगलं करतो म्हणून वकील हो, असं सांगणारे फार असतात. तालुक्याच्या कोर्टात भाषणाला वावच नसतो. तिथे माणूस टिकतो तो कागदावर.

कागदावर टिकणं म्हणजे काय, हे पाहायला महाडच्या माणसाला लांब जायला नको. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच्या पाठोपाठ दहा वर्षं चाललेला दावा मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. कायदा शिकू पाहणाऱ्या इथल्या प्रत्येक मुलाने तो वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याची पार्श्वभूमी सत्याग्रहाच्याही आधीची. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये आपल्या ताब्यातलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस या चळवळीच्या बाजूने होते. ठराव कागदावर राहिला, पाण्याला हात लावायला कुणी धजावत नव्हतं, म्हणून 1927 चा मार्च घडला. मग विरोधकांच्या दबावाखाली नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा शहरातल्या काही सवर्णांनी 12 डिसेंबर 1927 ला महाडच्या दिवाणी न्यायालयात डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला, आणि दोनच दिवसांत, 14 तारखेला, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. 25 डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं. पण तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम मात्र डॉ. आंबेडकरांनी लोकांना समजावून पुढे ढकलला. समोर हजारो माणसं तयारीनिशी आलेली, आणि त्यांचा पुढारी बॅरिस्टर. न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही आणि न्यायालयातच जिंकायचं, हा निर्णय त्या गर्दीपुढे उभं राहून घेणं किती कठीण गेलं असेल, याचा विचार करावा.

दाव्यातला मुद्दा काय होता? वादींचं म्हणणं, तळं चौधऱ्यांचं, खाजगी. आणि ते वापरण्याचा हक्क फक्त स्पृश्यांना, ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. म्हणजे वाद दोन प्रश्नांवर आला. तळ्याची मालकी कुणाची, आणि ती रूढी कायद्याने मानावी इतकी जुनी व निश्चित आहे का. हे दोन्ही प्रश्न पुराव्याचे. त्यांना उत्तर द्यायचं ते दस्तांतून आणि साक्षीदारांकडून. महाडच्या न्यायालयाने फेब्रुवारी 1928 मध्ये मनाई उठवली, आणि जून 1931 मध्ये दावा फेटाळला. वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपिलात गेले, तिथे 1933 मध्ये हरले. मग मुंबई उच्च न्यायालयात. 17 मार्च 1937 ला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी निकाल दिला, तोही वादींच्या विरुद्ध. तळं नगरपालिकेचं, आणि सांगितली जाते ती रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफिल्ड. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ हे त्या निकालाचं नाव, आणि कायद्याच्या अहवालांत तो आजही वाचायला मिळतो.

हा निकाल समतेच्या तत्त्वावर उभा नाही, कारण तेव्हा राज्यघटनाच नव्हती. कलम 17 यायला तेरा वर्षं होती. त्या काळचा कायदा रूढीला मान देत होता. म्हणून रूढी वाईट आहे एवढं म्हणून भागणारं नव्हतं. तिच्या पुराव्यात पोकळी आहे, हे दाखवावं लागलं. मालकीचे कागद, नगरपालिकेचा ताबा, साक्षीदारांचे जबाब यांच्या आधाराने ते दाखवलं गेलं. ज्याला हे काम सुंदर वाटेल, त्याने कायदा शिकावा. ज्याला ते रटाळ वाटेल, त्याने समाजकारण जरूर करावं, पण त्यासाठी पदवीची पाच वर्षं खर्च करण्याची गरज नाही.

आता पदवी कशी मिळते ते. रस्ते दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, किंवा कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा एलएलबी. बारावी किंवा पदवीला खुल्या वर्गासाठी 45 टक्के, इतर मागास वर्गासाठी 42, अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात दोन्हींसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, 2016 पासून घेतली जाते. ती संगणकावर होते, प्रश्न इंग्रजी आणि मराठीत असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडं गणित असतं, तीन वर्षांच्या परीक्षेत नसतं. वयाची वरची अट नाही. म्हणून गिरणगावात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थही वर्गात भेटतात, आणि बऱ्याचदा तेच सगळ्यात मन लावून शिकतात.

दोन ठिकाणी मुलं फसतात, त्यांच्याविषयी स्पष्ट लिहायला हवं. पहिलं ठिकाण म्हणजे मुक्त विद्यापीठ. बारावी झाल्यावर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली तर पुढे एलएलबीला अडचण येत नाही. पण दहावी-बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार ती एलएलबीसाठी चालत नाही. खूप वर्षांनी शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या बायकांच्या आणि कामगारांच्या वाट्याला हा धक्का जास्त येतो, म्हणून आधीच माहीत असलेला बरा. दुसरं ठिकाण म्हणजे पत्राद्वारे किंवा ऑनलाइन एलएलबी देतो म्हणणारी मंडळी. तसल्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. वर्गात बसूनच शिकावं लागतं; नियमानुसार प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते आणि वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळात भरवता येतात. दिवसा पूर्ण वेळ नोकरी करून रात्री कायदा शिकण्याची मुंबईची जुनी रीत त्यामुळे संपली. ती संपल्याचं मला वाईट वाटतं, कारण खेड्यातून आलेल्या मुलांसाठी तोच सगळ्यात सोयीचा रस्ता होता. प्रवेश घेण्याआधी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यता यादीत कॉलेजचं नाव आहे ना, आणि मान्यता चालू वर्षाची आहे ना, हे बघावंच बघावं.

तीन की पाच? घरची ओढ असेल आणि निश्चय पक्का असेल तर पाच वर्षांचा रस्ता एक वर्ष वाचवतो. पण सतराव्या वर्षी पोलादपूरच्या ज्युनियर कॉलेजातून थेट मुंबईत कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांपुढे बसणं अवघड जातं. महाडला किंवा पोलादपूरला आधी पदवी घ्यावी, घरचं खावं, त्या तीन वर्षांत रोज इंग्रजी वाचण्याची सवय लावावी आणि मग तीन वर्षांच्या एलएलबीला जावं, हा मार्ग इथल्या बहुतेक मुलांना मी सुचवेन. महाडचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय 1961 पासून आहे. ते ज्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, तिचंच 1956 साली सुरू झालेलं सिद्धार्थ विधि महाविद्यालय मुंबईत फोर्टला आहे. दोन्हींच्या मागे डॉ. आंबेडकरांनी उभी केलेली एकच संस्था आहे.

आता कॉलेजं. नकाशावर कुडपणच्या भोवती वर्तुळ काढलं तर गंमत दिसते. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला, अ‍ॅड. दत्ता पाटील यांच्या नावाचं विधि महाविद्यालय आहे, पण पोलादपूरपासून अलिबाग शंभर-सव्वाशे किलोमीटर. पनवेलला भागूबाई चांगू ठाकूर विधि महाविद्यालय आहे, ते त्याहून पुढे. रत्नागिरीला भागोजीशेठ कीर विधि महाविद्यालय, कशेडी ओलांडून बरंच लांब. आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे गेलं तर साताऱ्याचं रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज या सगळ्यांपेक्षा जवळ पडतं. पण आंबेनळी पावसाळ्यात दरडींनी कितीदा बंद होतो, हे इथल्या लोकांना सांगायला नको. शिवाय सातारा शिवाजी विद्यापीठात येतं आणि रायगड मुंबई विद्यापीठात. त्याने सनदेत फरक पडत नाही. ओळखी मात्र साताऱ्याच्या कोर्टात होतात, महाडच्या नाही.

यापलीकडे मोठी नावं. मुंबईचं शासकीय विधि महाविद्यालय 1855 चं, आशियातलं सगळ्यात जुनं समजलं जातं. 1935 पासून काही वर्षं डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते. फी सरकारी, काही हजारांत, म्हणून सीईटीला तिथे चढाओढ जबरदस्त. पुण्याचं आयएलएस 1924 चं, सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर आणि वाय. व्ही. चंद्रचूड तिथेच शिकले. तिसरा प्रकार राष्ट्रीय विधि विद्यापीठांचा. 1980 च्या दशकाच्या शेवटी बंगळूरपासून सुरुवात झाली, आता महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. त्यांची परीक्षा वेगळी, क्लॅट. ती फक्त इंग्रजीत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणारी. शिक्षण उत्तम, वसतिगृह आवारात, पण वर्षाचा खर्च लाखांत. तिथून निघणाऱ्यांपैकी पुष्कळजण मोठ्या कंपन्या आणि सल्लागार फर्मांकडे जातात. बुद्धी आणि इंग्रजी दोन्ही असलेल्या मुलीने शिष्यवृत्तीच्या भरवशावर तिकडे जरूर प्रयत्न करावा. फक्त शैक्षणिक कर्ज काढून तिथे शिकलेलं मूल हप्ते फेडायला पगाराच्या नोकरीत जाणार, महाडच्या कोर्टात उभं राहायला परत येणार नाही, हे घरच्यांनी समजून घ्यावं. तो दोष मुलाचा नसतो, हप्त्यांचा असतो.

माझं स्वतःचं मत असं. ज्या कोर्टात पुढे उभं राहायचं, त्या कोर्टाच्या शक्य तितक्या जवळ शिकावं. रायगडात वकिली करायची असेल तर अलिबाग किंवा पनवेल मला मुंबईतल्या दुय्यम खाजगी कॉलेजपेक्षा बरं वाटतं, भले त्या कॉलेजचं आवार चकचकीत असो. जिल्हा न्यायालय अलिबागला आहे. दुपारी वर्ग सुटला की विद्यार्थी थेट सत्र न्यायालयात जाऊन खुनाच्या खटल्यातला उलटतपास ऐकू शकतो. उच्च न्यायालयात काम करायची आकांक्षा असेल तर मात्र मुंबईच, आणि तीही शासकीय किंवा अनुदानित कॉलेजात.

भाषेचा प्रश्न इथल्या मुलांना फार भेडसावतो. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांचं कामकाज मराठीत चालू शकतं. दावे, कैफियती, साक्षी मराठीत असतात. उच्च न्यायालयात इंग्रजी. कायद्याची पुस्तकं आणि निकाल बहुतेक इंग्रजीत. म्हणजे वाचायला इंग्रजी हवंच, बोलायला फाडफाड नसलं तरी चालतं. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शेजारी ठेवून रोज एक निकाल वाचला तर वर्षभरात भीती जाते. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे त्या-त्या विद्यापीठाकडे आधी विचारून घ्यावं. आणि जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा हे तिन्ही कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले. मोठ्या भावाची पुस्तकं आता फक्त समजून घेण्यापुरती.

फीचं पाहू. प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झाला तर शिष्यवृत्त्या आणि शुल्कसवलती लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर होत नाहीत. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरात एक मुलगा आणि एक मुलगी शिकायचे असतील तर हा हिशोब मांडून बघावा. महाड-पोलादपूरच्या बायकांना हक्कसोडीच्या कागदावर अंगठा देण्याआधी विचारायला एक बाईमाणूस वकील मिळणं, ही तर मला फार मोठी गोष्ट वाटते. कॅपच्या फेऱ्या सगळ्या ऑनलाइन. डोंगरातल्या वाडीत रेंज नसेल तर ओटीपी येत नाही आणि मिळालेली जागा हातची जाते. म्हणून अर्जात मुंबईतल्या किंवा पोलादपूरच्या नातेवाइकाचा, रोज हाताशी असलेला नंबर द्यावा. जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या मागे निकालाची वाट न बघता आधीच लागावं.

पदवी झाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. तिची फी राज्य बार कौन्सिलं मनाला येईल तशी घेत होती. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की अ‍ॅडव्होकेट्स कायद्यात लिहिलेल्या 750 रुपयांहून जास्त फी घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती मराठीतही देता येते, टिपा नसलेलं कायद्याचं मूळ पुस्तक सोबत नेता येतं.

आणि मग ती वर्षं सुरू होतात. गावाकडे आई विचारते, “वकील झालास, आता पगार किती?” पगार नसतो. सीनियरच्या ऑफिसात सकाळी फायली लावायच्या, अकराला कोर्टात जायचं, पुकारा झाला की सीनियर दुसऱ्या कोर्टात असतील तर उभं राहून तारीख मागायची, रोजनाम्यात काय लिहिलं ते उतरवून घ्यायचं, नकलांसाठी अर्ज करायचे. निशाणी पाच म्हणजे मनाईचा अर्ज, हे कॉलेजात शिकवत नाहीत. तिथे पहिल्या आठवड्यात कळतं. या कामाचे महिन्याला मिळतात ते काही हजार, कधी तेही नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरला शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ते बंधनकारक नाही. डॉ. आंबेडकरांनाही हा काळ चुकला नाही. 1922 साली लंडनला बॅरिस्टर झालेल्या, दोन परदेशी विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला सनदेच्या पैशासाठी नवल भथेनांसारख्या मित्राची मदत घ्यावी लागली, आणि पुढे वकिली चालू असतानाच त्यांनी बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवून घर चालवलं. आजच्या नियमांनुसार वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, पण काही तास कायदा शिकवता येतो.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी आता या वर्षांतून जावंच लागतं. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला पदवी घेतल्या घेतल्या बसायची महाराष्ट्रात सोय होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभवाच्या दृष्टीने अट योग्य आहे. पण जिच्या घरी तीन वर्षं बिनपगारी बसवायची ऐपत नाही, त्या मुलीला ती जड जाणार, आणि तिच्यासाठी काहीतरी विद्यावेतन उभं करणं हे सरकारचं काम आहे, असं मला वाटतं.

तेव्हा घरात हिशोब मांडायचा तो पदवीच्या फीचा नाही, सहा-सात वर्षांचा. त्यातली शेवटची तीन राखून ठेवायची. गावाची मुंबईतली मंडळं दरवर्षी गुणवंतांचे सत्कार करतात, वह्या वाटतात. त्याच पैशातून एका ज्युनियर वकिलाचं महाडमधल्या खोलीचं भाडं दोन वर्षं दिलं, तर गावाला स्वतःचा वकील मिळेल.

पदवीआधी हे काम आपल्याला आवडतं का, हे तपासायची एक चांगली सोय आहे, तिचा वापर फार कमी होतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 खाली प्रत्येक तालुक्यात विधी सेवा समित्या आहेत आणि विधी स्वयंसेवक नेमले जातात. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. याच कायद्याच्या कलम 12 मध्ये महिला, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेल्यांनाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. 22 जुलै 2021 च्या पावसात महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. अशा वेळी ज्यांचा देह सापडला नाही त्यांचा मृत्यू दाखला, वारस, मदतीचे पैसे, नव्या घराची नोंद, किती कागद लागतात! कुणीतरी शेजारी बसून ते भरून देणारा हवा असतो. वर्षभर हे काम केलेल्या मुलाला कायदा शिकायचा की नाही, हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

न्यायालयं खुली असतात, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतो. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी महाडच्या कोर्टात दिवाणी कामाच्या दिवशी जाऊन बसावं. एकदा माणगावला सत्र न्यायालयातही. आणि जेवणाच्या सुट्टीत बाररूमपाशी एखाद्या जुन्या वकिलांना गाठून दोनच गोष्टी विचाराव्यात: साहेब, तुमच्याकडे आजवर किती ज्युनियर आले, आणि ते आता कुठे आहेत?